लवचिक वहिनी, ताठ नणंद

देवाने माणसं घडवताना माझ्या आणि वहिनीच्या मातीत पाण्याचं प्रमाण चुकवलं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या मातीत पाणी घालायला तो विसरला, आणि लक्षात आल्यावर राहिलेलं सगळं तिच्यात ओतून मोकळा झाला. मी खाली वाकले की माझे हात गुडघ्यांपाशी येऊन थांबतात आणि पायाच्या बोटांकडे भांडण झालेल्या नातेवाइकांसारखे लांबून बघतात. वहिनी वाकली तर तिचे तळवे जमिनीवर सपाट टेकतात, आणि तशाच अवस्थेत ती विचारते, "वन्सं, चहा टाकू का?"

मी टपाल कचेरीत खिडकीमागे बसते. दिवसभर शिक्के मारून मान अशी आखडते की मागून कुणी हाक मारली तर मला खुर्चीसकट वळावं लागतं. माझा स्वभावही मानेसारखाच आहे, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. त्याचं सोफे दुरुस्त करायचं दुकान आहे. खाली दुकान आणि वर आम्ही तिघं. दुकानात फोमचे तुकडे, सुतळीचे गुंडे, कापडाचे तागे आणि मधोमध एखादा सोफा पाय वर करून उताणा पडलेला. घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यांवर फोमचा भुगा असतो, माझ्यासुद्धा, आणि तो झटकला तरी निघत नाही म्हणून मी कचेरीत कितीदा चिडले त्याला गणती नाही.

वहिनी कव्हरं शिवते, स्प्रिंगा बांधते आणि शिवाय एक काम असं करते की जे तिच्याशिवाय कुणालाच जमत नाही. सोफ्याच्या पोटात, चौकट आणि स्प्रिंगांच्या मधे, एक सांदी असते. तिथे काही पडलं की दुसरा कारागीर अख्खा सोफा उसवतो. वहिनी नुसता हात आत घालते, कोपर भलत्याच दिशेला वळवते आणि हवं ते बाहेर काढते. आजवर तिने चमचे काढलेत, चाव्या काढल्यात, चष्मे काढलेत, आणि एकदा तर एका आजोबांची कवळी काढली, जिच्यावरून त्यांच्या दोन्ही सुना वर्षभर एकमेकींवर संशय घेत होत्या.

दादाला ती भेटली तीही अशीच. तिच्या माहेरी तो सोफा दुरुस्त करायला गेला होता. त्याच्या हातून स्क्रू आत पडला. ही बाजूला उभी होती. म्हणाली, "थांबा, मी काढते." हात आत गेला, कोपर उलटं वळलं, आणि ते बघून दादाला भोवळ आली. पाणी मारून शुद्धीवर आणला तेव्हा त्याच्यापुढे स्क्रू धरलेला होता. तो उठून बसला आणि लग्नाचं विचारून मोकळा झाला. आमच्या घरात इतका झटपट निर्णय त्याआधीही कुणी घेतला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

या लवचिकपणाचा खरा अभिमान होता तो तिच्या वडिलांना, अण्णांना. पाहुणा आला, बसला, पाणी प्यायला, की अण्णा आत हाक मारायचे, "बाळ, ये बरं. यांना दाखव." मग बाळ यायची, अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायची, करंगळी हाताच्या पाठीवर झोपवायची आणि पाहुणा अगदीच जवळचा असेल तर पाय मानेमागे घालून दाखवायची. पाहुणे "वा!" म्हणायचे. दुसऱ्यांच्या मुली गाणी म्हणायच्या, पाढे म्हणायच्या, ही अंगठा वाकवायची. लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, तरी अण्णा आमच्याकडे आले आणि नेमकं कुणी बाहेरचं आलेलं असलं की "बाळ, ये बरं" व्हायचंच.

"वन्सं," एकदा फोम कापताना ती मला म्हणाली होती, "गाणारी पोर गाणं शिकलेली असते हो. मी काहीच शिकले नव्हते. सगळे वा म्हणायचे आणि मी विचार करायचे, मी केलं काय?"

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मला वाटलं, कौतुकाचाही त्रास होणारी ही पहिलीच बाई.

पण त्रास तिला दुसरेही होते. सपाट रस्त्यावर तिचा पाय मुरगळायचा. बरणीचं झाकण उघडताना बोटं मागे वळायची आणि झाकण जागचं हलायचं नाही. संध्याकाळ झाली की ती अशी गळून जायची की जणू दिवसभर सोफे शिवले नाहीत, डोक्यावरून वाहिले. आणि उजवा खांदा मधूनच "कट्" असा वाजायचा, मग ती डोळे मिटून तो हळूच फिरवायची आणि पुन्हा शिवायला लागायची. आम्ही म्हणायचो, नाजूक आहे बिचारी. डॉक्टर म्हणायचे, विश्रांती घ्या. अण्णा म्हणायचे, "एवढं लवचिक अंग दिलंय देवाने, त्याला कसलं दुखणं?" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तो लवचिकपणाच दुखतोय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता कराटेचं सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठा हॉल आहे. तिथे एक सर कराटे शिकवतात. बुटके, रुंद, आणि आवाज असा की हॉलची तावदानं त्यांच्याबरोबर ओरडतात. त्यांच्या मॅट उसवल्या म्हणून त्यांनी दादाला बोलावलं. मापं घ्यायला गेली वहिनी. मॅट लांबरुंद होती, टेप धरायला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा वहिनीने टेपचं एक टोक एका टाचेखाली दाबलं, दुसरा पाय सरकवत सरकवत मॅटच्या कडेपर्यंत नेला आणि दोन्ही पाय आडव्या रेषेत पसरून जमिनीवर बसली. कानामागची पेन्सिल काढून माप लिहिलं. मान वर केली तर अख्खा वर्ग थांबलेला आणि सर तिच्यापुढे उभे.

"मॅडम," सर म्हणाले, "माझी पोरं यासाठी वर्षानुवर्षं रडतात. तुम्ही कुठे शिकलात?"

"मी मापं घ्यायला आलेय," वहिनी म्हणाली.

त्यांनी तिला मोठ्यांच्या वर्गात बोलावलं. एकटी कशी जाऊ म्हणून तिने मला ओढलं. माझ्या डॉक्टरांनीही मला हालचाल करायला सांगितलेलंच होतं, आणि पांढऱ्या पोशाखात मी बरी दिसेन असा मला उगीचच भ्रम होता. पोशाख चढवल्यावर मी बरोब्बर आमच्या दुकानातल्या गादीसारखी दिसले.

सरांच्या हॉलची एक भिंत होती. पाय वर उचलून भिंतीवर जिथे टेकेल तिथे प्रत्येकाच्या रंगाची चिकटपट्टी लावायची. पट्टी वर सरकली की प्रगती. माझी पट्टी फरशी पुसणाऱ्या बाईच्या फडक्याला लागायची. वहिनीची पहिल्याच दिवशी दिव्याच्या बटणांच्या वर गेली. सरांनी स्वतः स्टुलावर चढून ती लावली आणि लगेच तिला पिवळा पट्टा देऊन टाकला. परीक्षा नाही, काही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी हसली, पण घरी येताना पट्टा पिशवीत खाली घालून वर टेप आणि कात्री ठेवली.

सरांचा एकच नियम. "ताण जाणवेपर्यंत जायचं! ताण जाणवला की थांबायचं!" नियम चांगला होता. मला तो उभं राहिल्या राहिल्या जाणवायचा. वहिनीला जाणवायचाच नाही. आणि सर जोड्या लावायचे, म्हणजे एकाने बसायचं आणि दुसऱ्याने त्याला पाठीवरून दाबायचं. आमची जोडी ठरलेली. तिने मला दाबलं की मी किंचाळायचे. मी तिला दाबायला लागले की ती जायची, जायची, जातच राहायची. शेवट कुठे आहे हे मला कळत नसे.

"काही जाणवतंय का?" सर विचारायचे.

"काहीच नाही सर."

"शाबास! अजून दाबा!"

मग हात मागे. दोन्ही हात पाठीमागे धरून वर उचलायचे. माझे कमरेपाशी अडकायचे. तिचे मी डोक्यावरून पुढे आणले असते तर आलेही असते, आणि खरं सांगते, एकदा आणलेच. हॉलमध्ये "वा!" झालं. दुसऱ्या दिवशी तिला कप उचलता येईना. आम्ही म्हटलं, गार वारा लागला असेल.

एक दिवस दुकानात एका दातांच्या डॉक्टरांचा सोफा आला. नवं कव्हर चढलं, शेवटचा स्टेपल मारला, डॉक्टर स्वतः घ्यायला आले, आणि तेवढ्यात दादाची सुई आत पडली. सुई आत ठेवून सोफा देणं म्हणजे रुग्ण तपासायच्या खुर्चीत बसायच्या आधीच ओरडणार. वहिनीने नेहमीप्रमाणे हात घातला. खांद्यापर्यंत आत गेली. कोपर वळवलं. आणि मग "कट्" झालं, पण हा आवाज नेहमीचा नव्हता.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "माझा हात माझ्याजवळ नाहीये."

खांदा निखळला होता. हात सोफ्याच्या पोटात, वहिनी बाहेर गुडघ्यांवर, चेहरा कागदासारखा. ओढायची सोय नाही. दाताचे डॉक्टर मदतीला धावले आणि तिला म्हणाले, "तोंड उघडा," कारण माणूस घाबरला की जे येतं तेच करतो. दादाने इकडेतिकडे पाहिलं नाही. मोठी कात्री उचलली आणि आत्ताच शिवलेलं ते नवंकोरं कव्हर टराटरा फाडलं, फोम फाडला, सुतळ्या तोडल्या, पट्ट्या उचकटल्या आणि बायकोला सोफ्यातून मोकळं केलं. सगळं शांतपणे. रडला तो नंतर, इस्पितळात खांदा बसवून झाल्यावर. मी म्हटलं, "झालं ना आता, बसला खांदा." तर म्हणे, "तिच्यासाठी नाही रडत गं. कापड फार चांगलं होतं." पण हात मात्र तिचाच घट्ट धरून बसला होता.

इस्पितळातून आम्हाला फिजिओबाईंकडे पाठवलं. वयाने आमच्यापेक्षा पुष्कळ लहान, पण नजर शाळेतल्या कडक बाईंची. वहिनीचा उजवा हात झोळीत होता, म्हणून डाव्याने सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "अंगठा मनगटाला लावून दाखवा." वहिनीने दाखवला. "करंगळी." करंगळी मागे झोपली. "कोपर सरळ करा." कोपर सरळच्याही पलीकडे गेलं. "गुडघा." तोही. वहिनीचा चेहरा उजळत चालला होता, कारण इतकी वर्षं या सगळ्याच्या शेवटी "वा" येत असे. फिजिओबाई काही वा म्हणाल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली.

"हे कुणी कुणी बघितलंय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनीच," वहिनी म्हणाली.

"आणि एकानेही सांगितलं नाही?"

मग त्यांनी सांगितलं. सांधे सैल असणं हा काही रोग नाही, पुष्कळांचे असतात, काहींना जन्मभर काही होत नाही. पण वहिनीचे दुखतात, निखळतात, म्हणून सांभाळायला हवेत. हाडं एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या तिच्या उपजतच ढिल्या आहेत, आणि ती वर्षानुवर्षं त्या दोऱ्यांवर लोंबकळत आली. "दुसऱ्यांना ताण लागतो, म्हणजे त्यांचा गजर वाजतो. तुमचा गजर दुसऱ्या दिवशी वाजतो. म्हणून ताण लागेपर्यंत जायचं हे तुमच्यासाठी नाही. खांदा असाच निखळत राहिला तर एक दिवस सुईसुद्धा उचलता येणार नाही."

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे कराटे बंद?"

"बंद कशाला? करा की. पण ताणायचं नाही, धरायचं. कोपर आणि गुडघा कधीही पूर्ण सरळ ताठू द्यायचा नाही, थोडा वाकलेलाच ठेवायचा. कुणालाही दाबू द्यायचं नाही." इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. टपाल कचेरीत मी भल्याभल्यांना गप्प केलंय, पण तेव्हा मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. "जिथपर्यंत जाता येतं त्याच्या बरंच आधी थांबायचं, आणि तिथे स्नायूंच्या जोरावर टिकायचं. आरशात बघून करा, कारण सांधा कुठे पोचलाय हे तुम्हाला आतून नीट कळत नाही. आणि तो पाहुण्यांचा कार्यक्रम आजपासून बंद."

आम्ही घरी आलो. दुकानात दादा एका जुन्या खुर्चीच्या स्प्रिंगा बांधत होता. वहिनी बघत उभी राहिली. स्प्रिंग मोकळी सोडली तर चांगली उंच उभी राहते, पण बसलं की इकडेतिकडे कलंडते. म्हणून ती थोडी दाबून, चारही बाजूंनी सुतळीने बांधतात. मग ती उंच दिसत नाही, पण माणसाला पेलते.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "मी आयुष्यभर न बांधलेली स्प्रिंग आहे."

आणि तिथेच तिने ठरवलं की हिरव्या पट्ट्याची परीक्षा द्यायची. पिवळा फुकटात मिळाला होता, हा तिला कमवायचा होता. त्या परीक्षेत पाय कमरेइतका बाजूला उचलून हवेत स्थिर धरावा लागतो. कानापर्यंत पाय नेणाऱ्या माझ्या वहिनीला तो कमरेपाशी क्षणभरही धरता येत नव्हता. पाय लटलट कापायचा आणि ती दाराच्या चौकटीवर आदळायची. खांदा बरा झाल्यावर तिचा सराव सुरू झाला आणि आमच्या चौकटीचा रंग उडाला.

सरांना हे पचलं नाही. त्यांचा हिराच कुणी पळवला. "अहो, माझ्या गुरूंनी माझ्या पाठीवर उभं राहून मला ताणलंय!" ते म्हणाले.

"तरी तुम्ही बुटकेच राहिलात," मी म्हटलं.

वहिनीने मला चिमटा काढला आणि सरांना सगळं नीट समजावलं. गजर, दोऱ्या, स्प्रिंग, सगळं. सरांनी भिंतीवरच्या त्या सगळ्यात उंच पट्टीकडे पाहिलं. मग स्टुलावर चढले, पट्टी उचकटली आणि कमरेइतक्या उंचीवर आणून लावली. "याच्या वर गेलात तर माझ्याशी गाठ आहे," म्हणाले. माणूस ओरडा होता, पण मनाने सरळ होता, हे मला तेव्हा कबूल करावं लागलं. त्यांनी जोडीदाराला दाबायचं बंद केलं, सगळ्यांचंच. आधी अंग गरम करायचं, मग हळूहळू, ज्याने त्याने आपापलं. मात्र जन्मभर "वर! वर!" ओरडलेला माणूस आता वहिनीच्या बाजूला उभा राहून "खाली! खाली!" ओरडायचा, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाची माणसं घाबरून पाय खाली घ्यायची.

महिने गेले. वहिनीची पट्टी खाली आली होती आणि माझी, कुणी दाबत नसल्यामुळे असेल, मुंगीच्या पावलांनी वर चढत होती. एका संध्याकाळी आम्ही शेजारी शेजारी पाय उचलले तर दोघींच्या टाचा भिंतीवर एकाच उंचीला. माझी खालून आलेली, तिची वरून. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि अशा हसलो की दोघीही पडलो.

अण्णांना मात्र ते जड गेलं. ते आले होते, आणि शेजारची नवी भाडेकरीण साखर मागायला आली होती. अण्णांनी तिला बसवलं. "बाळ, ये बरं. यांना दाखव."

वहिनी बाहेर आली. हात पुसत उभी राहिली. "अण्णा, तो कार्यक्रम आता बंद झाला."

"अगं, नुसता अंगठा. अंगठ्याने काय होतंय?"

"अंगठ्यानेच मी सुई धरते अण्णा."

भाडेकरीण साखर घेऊन गेली. अण्णा खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "मग आता मी लोकांना दाखवू काय?" मला राग यायला हवा होता, येतोच मला, पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अंगठा तिने दाखवला नाही.

परीक्षेच्या दिवशी अण्णा पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर, त्यांच्या एका बाजूला मी, एका बाजूला दादा. माझी परीक्षा आधीच उरकली होती. मला पिवळा मिळाला आणि सोबत "प्रयत्न दांडगा" असा शेरा, जो मी कौतुक म्हणून घेतला. परीक्षक बाहेरगावचे होते. पांढऱ्या मिशा, कमी बोलणं. वहिनीबद्दल त्यांना काडीची माहिती नव्हती.

तिने ठोसे मारले, कोपर थोडं वाकलेलं ठेवून. अडवण्याचे प्रकार केले. मग पाय बाजूला उचलला. कमरेपर्यंत. तिथे धरला. दादा श्वास घ्यायचा थांबला आणि मी अण्णांच्या पुढून हात लांबवून त्याच्या मांडीवर चापट मारून तो सुरू केला. पाय हलला नाही. आमच्या दाराच्या चौकटीला जेवढे धक्के बसले होते, ते सगळे त्या पायाखाली उभे होते. परीक्षकांनी मान हलवली आणि तिने पाय आदळू न देता हळूच खाली ठेवला.

मला वाटलं, संपलं. तर परीक्षक म्हणाले, "आता पाय दोन्ही बाजूंना पसरत खाली बसा. जमेल तितकं."

जमेल तितकं! हॉलमध्ये आम्हाला, सरांना, सगळ्या वर्गाला ठाऊक होतं की तिला जमेल तितकं म्हणजे थेट फरशी. पाय सरकवायचे, सैल सोडून द्यायचं, की ती खाली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला असता. वहिनी सरकायला लागली. थोडी खाली. आणखी थोडी. आणि अर्ध्यावरसुद्धा पोचायच्या आत थांबली. गुडघे किंचित वाकलेले, मांड्या थरथरताहेत, कपाळावर घाम. सोडून देणं सोपं होतं, धरून ठेवण्यात तिचा जीव चालला होता.

"अगं, बस की खाली!" अण्णा मोठ्याने पुटपुटले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती तिथेच राहिली.

परीक्षकांनी तिला उठायला सांगितलं. "ठोसे चांगले आहेत. तोल उत्तम. पट्टा देतो," ते म्हणाले, आणि मग मोठ्या मायेने, "पण बाई, अंग फार ताठ आहे तुमचं. रोज थोडं थोडं ताणत जा."

सर छताकडे बघत ओठ चावत होते. आणि अण्णा ताडकन उठून उभे राहिले.

"ताठ? अहो, कुणाला ताठ म्हणताय? माझी मुलगी..."

वहिनीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. फक्त मान हलवली, नाही म्हणून. अण्णा हळूहळू खाली बसले.

"हो सर," वहिनी परीक्षकांना म्हणाली. "आहे खरी थोडी ताठ." आणि दोन्ही हात पुढे करून हिरवा पट्टा घेतला.

बाहेर चपला घालताना तिला हसू आवरेना. भिंतीला धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वन्सं, ऐकलंत? मला ताठ म्हणाले! जन्मात पहिल्यांदा!"

"माझ्या पंगतीला बसवलं तुला," मी म्हटलं, आणि तिला मिठी मारली, दोघींच्याही सांध्यांना सांभाळून.

त्यानंतर काही दिवसांनी अण्णा पुन्हा आले. दुपारी ते दाताचे डॉक्टर दुसऱ्यांदा नव्याने शिवलेला सोफा न्यायला आले. अण्णांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आत हाक मारली, "बाळ, ये बरं."

दादाच्या हातातली कात्री थांबली. मी भांडायच्या तयारीने पुढे सरसावले. वहिनी बाहेर येऊन उभी राहिली.

"ही माझी मुलगी," अण्णा म्हणाले. कॉलर सारखी केली. "हिला परीक्षेत ताठ म्हणून सांगितलंय. मोठ्या परीक्षकांनी, सगळ्यांसमोर."

डॉक्टरांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाले, "वा!"

या खेपेला वा कशाबद्दल, ते वहिनीला माहीत होतं.